खिंडीतलं पाणी

या खेपेला पाण्याचे कॅन तय्यबने दुसऱ्या कुणाला भरू दिले नाहीत. आखातातल्या उम्म अल कुवैनच्या जुन्या बंदरापाशी त्याचं मासेमारीच्या जाळ्यांचं दुकान होतं. त्याच्या मागच्या नळावर त्याने दहा-दहा लिटरचे दोन निळे कॅन स्वतः विसळले, काठोकाठ भरले, झाकणं पिळून बसवली. मग दुकानातून काळा नायलॉनचा धागा आणून झाकण आणि मूठ एकमेकांना बांधून टाकली. गाठ मारली ती जाळं विणणाऱ्यांची. श्रीवर्धनला बापाच्या मांडीशी बसून शिकलेली. ती सोडणाऱ्याला पुन्हा तशीच मारता आली नसती.

खतीजा दारात उभी राहून बघत होती.

"पाण्याला कुलूप लावताय?"

"सांडू नये म्हणून."

"इतकी वर्षं कधी सांडलं नाही ते?"

"गेल्या वर्षी सांडलं."

ती दाराला टेकली. मग म्हणाली, "मरियमबींचा परत फोन आला होता. ईद झाली, आता साखरपुड्याची तारीख धरू या का म्हणून विचारतात. मी किती वेळा इन्शाल्ला म्हणू? माझ्या इन्शाल्लाचा अर्थ आता त्यांनाही कळायला लागलाय."

"डोंगरावरून आलो की सांगतो."

"गेल्या ईदलाही हेच म्हणाला होतात."

आतून फिरदोसचा आवाज आला, "अब्बा, इट्स बीन अ होल इयर!"

तय्यबने दुसऱ्या कॅनची गाठ ओढून बसवली. फिरदोस त्याची एकुलती एक. हनीफ आणि मरियमबीच्या मुलाशी, अर्शशी तिचं लग्न करायचं हे दोन्ही घरांनी दोन वर्षांपूर्वीच बोलून ठेवलं होतं. पोरगा गुणाचा होता, पोरीच्या मनात होता. हनीफ म्हणजे पंधरा वर्षांपासूनचा दोस्त, फायबरच्या बोटी बनवणाऱ्या वर्कशॉपचा फोरमन, मंडणगडचा माणूस. कशालाच नाव ठेवायला जागा नव्हती. पण गेल्या बकरी ईदच्या सुटीत डोंगरावर जे घडलं, तेव्हापासून तय्यबच्या मनात एक गोष्ट अडकून बसली होती. जो माणूस मला मरायला सोडू शकतो, त्याच्या घरात पोरगी कशी देऊ? हे त्याने अजून कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकोलासुद्धा.

या खेपेला तो शिकारीला निघालाच नव्हता. तो हनीफवर नजर ठेवायला निघाला होता.

दरवर्षी चौघं जायचे. तय्यब, हनीफ, पिकअप चालवणारा याकूब आणि वसंतराव. रास अल खैमाच्या मागे जे उघडे, भाजके डोंगर आहेत, त्यात पार वरच्या वाडीत बू सैफ नावाचा म्हातारा राहायचा. त्याचे जवाचे चार वाफे आणि बोरीची काही झाडं. कुणाच्या तरी कधीकाळी सुटलेल्या आणि आता रानटी झालेल्या बकऱ्या तिथे येऊन सगळं फस्त करायच्या. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, म्हणून तो या लोकांना बोलवायचा. बंदूक त्याची, परवाना त्याचा. नेम हनीफचा, कारण हनीफ लहानपणी बापाबरोबर ठासणीची बंदूक घेऊन जंगलात फिरलेला. खाली कुणी विचारलंच तर आपण पिकनिकला गेलो होतो, एवढंच सांगायचं असं ठरलेलं होतं.

तय्यबचं काम सुरीचं. गोळी लागलेलं जनावर जिवंत असतानाच अल्लाचं नाव घेऊन सुरी फिरली पाहिजे, नाहीतर ते मांस खाता येत नाही. त्यामुळे बार झाला की धावायचं ते तय्यबने. बाकीच्यांनी आरामात यायचं.

आणि वसंतराव? ते शाकाहारी. एका काँट्रॅक्टिंग कंपनीत ड्राफ्ट्समन, बंदुकीच्या आवाजाने दचकणारे. कानात कापूस घालून, मांडीवर वही घेऊन ते वाफ्याच्या बांधावर बसायचे. ही वही म्हणजे त्यांच्याच डोक्यातून निघालेली गोष्ट. खाली उतरलं की पिकअपपाशी बसून प्रत्येकाने त्या खेपेतली आपली एक चूक सांगायची आणि त्यांनी ती लिहून घ्यायची. नियम एकच. चूक स्वतःची सांगायची, दुसऱ्याची काढायची नाही आणि कुणाला विचारायचंही नाही. "नाहीतर भांडणं होतात," वसंतराव म्हणाले होते, "आणि भांडणातून कुणी काही शिकत नाही."

नियम चांगला चालला. पहिल्या वर्षी याकूबने दीडशे दिरहॅमचे कोरे बूट घातले, "म्हणजे अठराशे रुपये की हो चाचा," असं चढताना दहा वेळा सांगितलं आणि उतरताना त्याच्या दोन्ही अंगठ्यांची नखं काळीनिळी झाली. वहीत आलं, नवे बूट आधी महिनाभर खाली घालायचे. दुसऱ्या वर्षी हनीफने कड्याच्या कपारीतल्या बोकडाला गोळी घातली. बोकड तिथेच अडकून राहिला, ना वरून हात पोचे ना खालून. दोन दिवस गिधाडं जेवली. वहीत आलं, जनावर कुठे पडेल ते बघितल्याशिवाय घोडा ओढायचा नाही. वसंतरावांनी एकदा गुडघ्यांना इतका बाम चोळला की वारा फिरताच बकऱ्या अर्ध्या मैलावरून पळाल्या. तेही त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं. तय्यबने सुरी टॉवेलात गुंडाळून कमरेला लावली होती आणि ती त्याच्याच मांडीत घुसली. अशी पाच वर्षं पानं भरत गेली, हसणंखिदळणंही झालं.

मग गेलं वर्ष आलं.

मार्च सरत आला होता, डोंगर तापला होता. तय्यबने पहाटे दोन कॅन नेऊन खिंडीतल्या गुहेत ठेवले. आजवर सगळे पाणी अंगावर वाहायचे, पण गुहेत गारवा होता, कुणाला ओझं नको, म्हणून या वेळी त्यानेच ही युक्ती काढली. बाराच्या सुमारास हनीफचा बार झाला. बोकड लंगडत दरीत उतरला आणि तय्यब सवयीने सुरी घेऊन धावला. पिशवी, पिशवीतली पाण्याची बाटली, सगळं वर दगडावर राहिलं. खाली पोचला तोवर बोकडाचे डोळे काचेसारखे झाले होते. मांस गेलं. वर बघितलं तर ज्या कातळावरून तो घसरत आला होता तो उलटा चढण्यासारखा नव्हता. दरीतून वळसा घालून खिंडीत जायचं, तिथे पाणी आहे, या एकाच भरवशावर तो दोन तास चालला.

कॅन जागेवर होते. रिकामे.

झाकणं मात्र घट्ट लावलेली होती. तय्यब वर्षभर याच गोष्टीपाशी येऊन थांबत होता. जनावराने पाडले असते तर आडवे पडले असते. फुटके असते तर खाली ओल दिसली असती. घट्ट झाकण म्हणजे माणसाचा हात. पाणी संपवून, झाकण नीट लावून, काहीच झालं नाही असं दाखवून निघून गेलेला माणूस.

खिंडीच्या खाली तो कोसळला. बू सैफ आणि याकूब यांना सापडला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. हॉस्पिटलात चार दिवस काढले. किडन्या थोडक्यात वाचल्या, असं डॉक्टर म्हणाला.

आठवड्याने वही उघडली. कॅनचं कुणीच बोलेना. याकूब त्या दिवशी पूर्ण वेळ बू सैफबरोबर पलीकडच्या अंगाला हाका घालून बकऱ्या हुसकत होता. वसंतराव बांधावरून हलले नव्हते. खिंडीकडे एकटा गेला होता तो हनीफ, सकाळी दहाला, माग बघायला. तो म्हणाला, "माझी चूक..." आणि थांबला. तय्यबकडे बघितलं, नजर खाली घेतली. "मी बंदूक साफ न करता नेली."

बंदूक त्याने निघण्यापूर्वी दोनदा साफ केली होती. सगळ्यांनी ते पाहिलं होतं. पण विचारायचं नाही हा नियम. वसंतरावांनी मान खाली घालून लिहून घेतलं.

आता पिकअप डोंगराच्या कच्च्या रस्त्याला लागली होती. याकूब नेहमीसारखा बडबडत होता.

"वसंतराव, या वर्षी तुमच्यासाठी एखादा भोपळा मारू या का? हनीफचाचांचा नेम चांगला आहे."

"मार. पण आधी पडेल कुठे ते बघ," वसंतराव म्हणाले.

हनीफ हसला. तय्यब आरशातून त्याचं हसणं बघत होता. हसताना तो कॅनकडे बघतो का? बघितलं. एकदा बघितलं. तय्यबने ते मनात नोंदवून ठेवलं.

बू सैफच्या वाडीत रात्र काढून पहाटे चौघं निघाले. कॅनचा विषय निघाला तेव्हा हनीफच म्हणाला, "या खेपेला पाणी अंगावरच घेऊ या. गेल्या वर्षीचं..."

"गेल्या वर्षीचं काय?" तय्यबने विचारलं.

हनीफ ओठ चावत राहिला. "काही नाही. तुम्ही म्हणाल तसं."

"गुहेतच ठेवायचे. तिथेच."

"तिथेच?" वसंतरावांनी चष्म्यावरून बघितलं.

"तिथेच. आणि हाताशी प्रत्येकाला एक बाटली."

कॅन ठेवून आल्यावर तय्यबने गुडघा धरला. चढवत नाही म्हणाला, सुरी याकूबला दिली. याकूबने ती दोन्ही हातांत घेतली. "चाचा, प्रमोशन झालं माझं. पगार?" तय्यबला हसू आलं नाही. सगळे आपापल्या जागी गेल्यावर तो गुडघ्याचं नाटक सोडून वळसा घालून वर चढला आणि खिंडीच्या माथ्यावर, एका काटेरी झाडाच्या सावलीत, कातळाआड बसला. तिथून गुहेचं तोंड सरळ खाली दिसायचं.

तो बसून राहिला. ऊन वर सरकलं. आठ वाजले, नऊ वाजले. एक बार ऐकू आला, मग काही नाही. आपण इथे काय करतोय असं त्याला एकदा वाटलं. पण मग गेल्या वर्षीचा तो क्षण आठवला. कॅन उचलल्यावर हाताला न लागलेलं वजन. त्याने पाय पोटाशी घेतले आणि आणखी खाली वाकला.

साडेदहाला हनीफ आला. एकटाच, बंदूक नाही. पावलं जड पडत होती, तोंड उघडं होतं. गुहेपाशी पोचल्यावर तो मटकन बसला, दम खाल्ला आणि हात लांब करून कॅन ओढला.

तय्यबने मान पुढे काढली. बघ, तो स्वतःला म्हणाला. बघून घे.

हनीफची बोटं झाकणावर गेली आणि थांबली. त्याला धागा लागला होता. त्याने तो चिमटीत धरला, वाकून बघितला. गाठीवरून अंगठा फिरवला. दुसरा कॅन ओढला, त्यावरही तेच. मग तो दोन्ही कॅनच्या मधे बराच वेळ नुसता बसून राहिला. इतका वेळ, की तय्यबच्या पायांना मुंग्या यायला लागल्या. शेवटी हनीफने दोन्ही कॅन होते तिथे सरकवले, एक लहान गोटा उचलून बाहीला पुसला, तहान मारायला तोंडात टाकला आणि उठून आल्या वाटेने निघून गेला.

प्यायला नाही.

तय्यबला हायसं वाटायला हवं होतं. पण मनात आलं ते वेगळंच. याने मला बघितलं असेल. म्हणून प्यायला नाही. किंवा धाग्यावरून ओळखलं की हा सापळा आहे. निष्पाप माणूस पाणी समोर असताना तहानलेला परत जाईल? गेल्या वर्षी धागा नव्हता, तेव्हा मोकळेपणाने प्यायला असेल. जितका तो विचार करी, तितकं हनीफचं न पिणंच त्याला संशयास्पद वाटायला लागलं.

तेवढ्यात खिंडीच्या पलीकडून खुरांचा आवाज आला.

एक काळ्या बुरख्यातली वयस्क बाई गाढवाला हाकत येत होती. गाढवावर दोन पोती. ती सरळ गुहेत गेली, जणू आपल्याच घरात. कॅन उचलला, धागा बघून क्षणभर तिला नवल वाटलं असावं, मग कमरेचा छोटा चाकू काढून तिने तो कापला. ओंजळीने पोटभर प्यायली. आपली कातडी पिशवी भरून घेतली. उरलेलं दगडातल्या खळग्यात ओतलं, गाढवाने ते चाटूनपुसून संपवलं. दुसऱ्या कॅनमधलं अर्धं गेलं. मग तिने दोन्ही झाकणं घट्ट पिळून लावली, कॅन भिंतीशी नीट उभे केले, त्यांच्यावर हात ठेवून काहीतरी पुटपुटली आणि चालायला लागली.

तय्यब ओरडायला उठला होता. तोवर ती वळणाआड गेली.

तो धडपडत वाडीत उतरला. याकूब बू सैफच्या ओसरीत चहा पीत होता. वसंतराव बाजूला वही घेऊन बसले होते.

"विचार त्याला," तय्यब धापा टाकत म्हणाला. "खिंडीतल्या गुहेत बाई आली, आपलं पाणी घेऊन गेली. कोण ती? विचार."

याकूबने विचारलं. म्हातारा हसला, दाढीवरून हात फिरवत बराच वेळ बोलला. याकूब सांगायला लागला तेव्हा त्याच्या तोंडावर थट्टा होती, पण सांगता सांगता ती उतरत गेली.

"म्हणतो, पलीकडच्या वाडीतली असेल. म्हणतो, त्या गुहेत ठेवलेलं पाणी वाटसरूंचं असतं. त्याच्या आज्याच्या वेळेपासून. ज्याला स्वतःसाठी हवं तो अंगावर ठेवतो. गुहेत ठेवलं की ते रस्त्याला दिलं. प्यायचं, जनावराला पाजायचं, भांडं नीट ठेवून दुवा देऊन जायचं." याकूबने चहाचा पेला खाली ठेवला. "म्हणतो, गेल्या वर्षी त्याच्या भावाची सून तापाने फणफणलेलं लेकरू नि दोन गाढवं घेऊन खिंडीतून आली होती. तुमच्या पाण्यावर पोचली. तेव्हापासून सगळ्या वाड्यांत तुमचं नाव आहे. हे हिंदी लोक आपली रीत जाणतात म्हणून. पण त्यानंतर वर्षभर तुम्ही परत ठेवायला आलाच नाहीत, म्हणून त्याला वाटलं होतं की रागावलात."

"त्याने मला सांगितलं का नाही?"

याकूबने तेही विचारलं. म्हातारा गोंधळला.

"म्हणतो, काय सांगायचं? तुम्हीच ठेवलं होतं ना? त्याला वाटलं तुम्हाला ऊन लागलं. तुम्ही पाण्यासाठी तिथे गेला होतात हे त्याला आजच कळतंय. कुणी विचारलंच नाही, म्हणतो."

कुणी विचारलंच नाही. तय्यब पायरीवर बसला. वसंतराव वहीच्या कोऱ्या पानाकडे बघत राहिले. "नियम माझाच होता," ते एवढंच म्हणाले.

मग त्यांनी मान वर केली. "पण तय्यबभाई, हनीफ कुठे आहे? बार होऊन किती वेळ झाला. सकाळी माझी बाटली कलंडली, तर त्याने स्वतःची मला दिली. म्हणाला, मी खिंडीत जाऊन पितो."

तय्यब उठला तेव्हा त्याच्या दुखऱ्या गुडघ्याची कुणाला आठवणही झाली नाही. वसंतरावांच्या हातातली बाटली हिसकून तो धावला. मागून याकूब "चाचा, थांबा, मी येतो" म्हणत होता. या वेळी बोकड नव्हता आणि सुरीही नव्हती, पण पाय तसेच पडत होते.

हनीफ दरीच्या काठावर एका झुकलेल्या कातळाच्या पट्टीभर सावलीत बसला होता. बंदूक मांडीवर आडवी. ओठ पांढरे पडले होते, डोळे आत गेले होते. तय्यबला बघून त्याने तोंडातला गोटा थुंकला.

"धागा काढलात?" त्याने विचारलं.

"प्या आधी."

"तुम्ही प्या आधी. तुमचं पाणी आहे."

"हनीफभाई, खुदाच्या वास्ते."

"तुम्ही प्या. मग मी."

तय्यबने एक घोट घेतला. मग हनीफने बाटली घेतली आणि हळूहळू, मधे मधे थांबत प्यायला. रानात वाढलेला माणूस, तहानलेल्याने कसं प्यायचं ते त्याला माहीत होतं. याकूब येऊन लांबच उभा राहिला.

"तुमच्या दुकानातला धागा मी ओळखत नाही होय?" हनीफ म्हणाला. "नि ती गाठ? पंधरा वर्षं बघतोय तुमची बोटं. पाण्याची राखण कुणापासून करायची, तर आम्हा तिघांपासून. दोघांना तुम्ही कशाला भ्याल? मग उरलो मी."

तय्यबने त्याला बू सैफचं बोलणं सांगितलं. बाई, गाढव, गुहेची रीत. हनीफ ऐकत होता. ऐकून झाल्यावर त्याच्या चेहऱ्यावर काहीच बदललं नाही.

"म्हणजे तुम्हाला आता कळलं," तो म्हणाला. "बाई डोळ्यांनी दिसली, म्हाताऱ्याने सांगितलं तेव्हा."

ऊन उतरल्यावर चौघं खाली पिकअपपाशी आले. त्या दिवशी एकही बकरी मिळाली नव्हती. सकाळचा बार हुकला होता. वसंतरावांनी वही काढावी की नाही असं करत शेवटी ती काढली, पण पेन खिशातच ठेवलं.

हनीफ न विचारता बोलायला लागला. "गेल्या वर्षीची माझी चूक राहिलीय, ती सांगतो. तय्यबभाई पिशवी टाकून धावले ते मला वरून दिसलं. हाक मारायला तोंड उघडलं होतं. पण पुढे आणखी दोन बोकड उभे होते. हाक मारली असती तर ते पळाले असते. म्हणून गप्प बसलो. दोन बोकडांसाठी. ते बोकड पळालेच. नंतर तुम्हाला हॉस्पिटलात बघितलं, आणि तुमच्या पोरीचा सासरा होणार मी, हे कुठल्या तोंडाने सांगू? म्हणून बंदुकीचं खोटं बोललो." त्याने चप्पल काढून तळव्यातला काटा उपटला. "आणि या वर्षीची. पाणी दिसलं, हाताशी होतं, धागा चाकूने कापला असता तर काही बिघडलं नसतं. पण मला ताठा आला. डोंगरावर ताठा करायचा नसतो. हे लिहा."

वसंतरावांनी पेन काढलं, पण टोपण उघडलं नाही.

आता तय्यबची पाळी होती. त्याने पुष्कळ मोठं काहीतरी सांगायचं ठरवलं होतं. तोंडातून निघालं ते इतकंच, "मला विचारता आलं असतं. वर्षभर रोज विचारता आलं असतं."

"विचारलं असतंत, तर मी ते हाकेचंही सांगितलं असतं," हनीफ म्हणाला. मग तो उठला आणि पिकअपच्या मागच्या बाजूला चढून बसला. चढता चढता म्हणाला, "मरियमबीला सांगतो मी. आता परत फोन नको करू म्हणून."

"चाचा, असं काय," याकूब पुटपुटला.

"यल्ला, चल. अंधार पडेल."

घरी आल्यावर तय्यबने खतीजाला सगळं सांगितलं. धागा, झाड, बाई, बाटली. तिने एकदाही मधे तोंड घातलं नाही. शेवटी म्हणाली, "वर्षभर माझ्या शेजारी झोपून तुम्ही हा विचार करत होतात?"

फिरदोस दाराशी उभी होती. या वेळी ती इंग्रजीत काही बोलली नाही. आत जाऊन दार लावून घेतलं.

पुढच्या जुम्म्याला नमाज झाल्यावर तय्यब खतीजाला घेऊन हनीफच्या घरी गेला. मुलीकडच्यांनी आपण होऊन तारीख मागायला जायचं, हे त्यांच्या गावच्या कुणी ऐकलं असतं तर महिनाभर चघळलं असतं. मरियमबीने दार उघडलं, खतीजाला हात धरून आत नेलं, तय्यबकडे न बघता "बसा" म्हणाली. अर्शने सलाम केला आणि खोलीत निघून गेला. पोराच्या पाठीवरूनच तय्यबला कळलं की त्याला सगळं माहीत आहे.

हनीफ समोर येऊन बसला. पंखा फिरत होता.

"मी माफी मागायला आलोय," तय्यब म्हणाला. "आणि पोरीसाठी पोरगा मागायला. दोन्ही एकाच वेळी मागू नयेत, कळतंय मला. पण दुसऱ्यांदा यायची हिंमत होईल की नाही, माहीत नाही."

हनीफने सुस्कारा सोडला. "मी चार दिवस विचार केला. पोरांचा काय दोष? तुमची पोरगी माझ्या घरात येईल, माझी पोरगी होऊन राहील. त्यात मी धागे बांधणार नाही. तारीख बायकांना ठरवू दे."

तय्यब खुर्चीत पुढे सरकला. "अल्लाने..."

"पण ऐका. डोंगरावर मी आता तुमच्याबरोबर यायचा नाही." हनीफ शांतपणे म्हणाला, रागाने नव्हे, हिशेब सांगावा तसाही नव्हे, थकल्यासारखा. "घरात एकमेकांना सांभाळून घेता येतं. रुसलं, तर बायका समजूत काढतात. तिथे वर एक माणूस पुढे असतो नि एक मागे. मागचा काय विचार करतोय याचा विचार करत मला पाय टाकता येणार नाही. पडेन."

"बू सैफ वाट बघेल."

"त्याच्याकडे याकूबला पाठवा. नेम शिकवीन मी त्याला, खाली, वाळूत. पण मी नाही."

तय्यबला पुष्कळ म्हणावंसं वाटलं. पुढच्या वर्षीपर्यंत मन बदलेल, असंही म्हणावंसं वाटलं. पण समोरच्या माणसाचा चेहरा बघून त्याने ते तोंडातच ठेवलं.

"बरं," तो म्हणाला.

आतून मरियमबी हाक मारत होती. हॉल रजब महिन्यात मिळतोय की शाबानमध्ये, पाहुणे कोकणातून कधी येऊ शकतील, व्हिसाला किती दिवस लागतात, असं दोघी बायकांचं सुरू झालं होतं. हनीफ उठला, भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणलं आणि दोघांच्या मधे टेबलावर ठेवलं. तय्यबने चष्मा लावला आणि तारखा वाचायला वाकला.